'एआय बनावटीचे' की 'एआय बनावट'? पट्टीवर कोणता शब्द हवा?

अनुवादिका
एआयने तयार केलेल्या चित्राच्या किंवा व्हिडिओच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. अर्थ एवढाच, की हे एआय वापरून तयार केलेलं किंवा बदललेलं आहे. आतली गोष्ट खरी की खोटी, यावर पट्टी काहीच म्हणत नाही.

शब्दांच्या यादीत आधीपासून 'एआय बनावटीचे' असं रूप आहे, 'भारतीय बनावटीची तोफ' म्हणतात त्या अर्थाने. शब्द चांगला आहे, पण जागा १० चिन्हांची. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पायमोड हे सगळं सुटं मोजलं जातं, मधली मोकळी जागासुद्धा. 'एआय बनावटीचे'ची चिन्हं होतात १२. मग पहिली ९ राहतात, दहाव्या जागी टिंबं येतात आणि पडद्यावर दिसतं 'एआय बनावट…'. घडण सांगणारा शब्द कापला गेला आणि त्याचा आरोप झाला. पूर आला तर कुठल्या वाटेने बाहेर पडायचं हे दाखवणारं चित्र एखाद्या सरकारी खात्याने एआयकडून काढून घेतलं, तर त्यावरही 'बनावट' उमटणार आणि लोक ती सूचनाच खोटी समजणार.

'एआयनिर्मित' बरोबर १० चिन्हांत बसतं, पण त्यात 'बदललेलं' येत नाही. खऱ्या भाषणावर दुसरे शब्द चढवले तर त्याला निर्मित कसं म्हणायचं? दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक शब्द हवा आहे.

मूळधातू
'कृत्रिम' घ्या. सात चिन्हे होतात. 'डुकृञ्' धातूला 'क्त्रि' प्रत्यय लागतो, त्यापुढे 'मप्', आणि अर्थ होतो करण्यातून निष्पन्न झालेले. खोटेपणा त्यात मुळात नाही. कृत्रिम पावसात माणूस खरोखर भिजतो, कृत्रिम श्वासोच्छ्वासाने जीव खरोखर वाचतो. नवे करणे आणि असलेले बदलणे, दोन्ही 'करणे'च आहे. तुमचे काम झाले.

सरळसोट
कृत्रिम हसू? कृत्रिम टंचाई? पट्टी वाचणाऱ्याला व्युत्पत्ती दिसत नाही, त्या शब्दाची रोजची संगत दिसते. आणि 'बनावट'चंही तेच झालं ना? सजावट, लिखावट यांच्या रांगेतला साधा शब्द. नोटा, दाखले, औषधं यांच्या मागे लागून लागून तो बिघडला. 'कृत्रिम'ला आज कामाला लावलंत तर पाच वर्षांत त्याचीही तीच गत होईल.

मसुदाकार
या शब्दावर एक खटका आधीच उडाला आहे, म्हणून लिहितो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना फोन गेले. आवाज तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांचा वाटत होता. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीला जाऊ नका, मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असा निरोप होता. मतदान २३ तारखेला होतं. अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने ८ फेब्रुवारीला निर्णय दिला, की १९९१ च्या कायद्यात आपोआप लावलेल्या फोनसाठी 'कृत्रिम किंवा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज' असे जे शब्द आहेत, त्यातल्या 'कृत्रिम'मध्ये एआयचा आवाज येतो. नवा कायदा करावा लागला नाही. फोन करवणाऱ्या राजकीय सल्लागाराला आयोगाने पुढे ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

तिथे 'खोटा आवाज' असे शब्द असते, तर निरोपातलं काय खोटं हे आधी सिद्ध करत बसावं लागलं असतं. 'कृत्रिम' म्हटल्यामुळे आवाज कसा तयार झाला आणि ऐकणाऱ्याची आधी संमती होती का, एवढंच पाहायचं राहिलं. कायद्याला घडण सांगणारा शब्द लागतो. माझं मत मूळधातूंच्या बाजूने.

तथ्यतपासक
मसुदाकारांचा मुद्दा कायद्यापुरता मान्य. पण वाचकाला वेगळंच विचारायचं असतं: 'हे घडलं का?' मे २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचा एक व्हिडिओ फिरला. त्या अडखळत, जड जिभेने बोलताना दिसत होत्या. त्यात एआय औषधालाही नव्हतं. खऱ्या भाषणाचा वेग साधारण ७५ टक्क्यांवर आणला होता, इतकंच. 'कृत्रिम' म्हणा नाहीतर 'निर्मित', तुमची पट्टी त्यावर लागणारच नाही. आणि एकदा पट्ट्यांची सवय झाली, की पट्टी नसलेलं ते सगळं खरं असं लोक धरून चालतात.

दुसरं, पट्टी टिकतही नाही. ती बऱ्याचदा जिच्यावरून लागते, ती फाइलच्या पोटात लिहिलेली उगमाची नोंद स्क्रीनशॉट घेतला की जाते, निरोपाच्या ॲपवरून पुढे पाठवताना चित्र दाबलं गेलं तरी बहुधा जाते. म्हणून आम्ही पट्टी पाहून निकाल देत नाही. व्हिडिओतून चारपाच स्थिरचित्रं काढायची, ती उलट शोधात, म्हणजे चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनात, टाकायची, सर्वांत जुनी प्रत गाठायची, आणि तिची लांबी, काटछाट, आवाज शेजारी ठेवून पाहायचं. वेग बदललेला असेल तर मूळ प्रतीच्या आणि फिरणाऱ्या प्रतीच्या मिनिटांतच तो सापडतो.

आणि शब्द म्हणाल तर 'डीपफेक'च ठेवा. लोक शोधताना तेच टंकतात. ऱ्हस्व 'डिपफेक'ही टंकतात, म्हणून शोधशब्दांच्या रकान्यात दोन्ही रूपं घालावी लागतात. 'गहनकूट' वगैरे लिहिलंत तर खुलासा कुणालाच सापडणार नाही आणि अफवा मात्र सापडेल.

मूळधातू
'गहनकूट' मी म्हटलेले नाही, आणि ते चूकच ठरेल. 'डीप' म्हणजे खोटेपणाची खोली नव्हे. तो 'डीप लर्निंग' या एआयला शिकवण्याच्या पद्धतीतला 'डीप' आहे. २०१७ च्या अखेरीस रेडिट या संकेतस्थळावर 'डीपफेक्स' या टोपणनावाच्या सदस्याने चेहरे बदललेल्या चित्रफिती टाकल्या आणि त्याचे नाव वस्तूला चिकटले. विशेषनामाचे भाषांतर करू नये, हे मलाही मान्य आहे. पण जे नाव एका टोपणनावावरून आले, ते शासनाच्या मराठीत कायमचे बसवावे, हे मान्य नाही.

जुनेदप्तर
घरात शब्द असताना बाहेर कशाला जायचं? 'तोतया'. पाच चिन्हं. पानिपतात १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते हयात असल्याची आशा लोकांनी सोडली नाही. त्या आशेवर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, माणसं त्याच्यामागे गेली, त्याने कोकणात किल्ले घेतले. अखेर १७७६ मध्ये त्याला देहांत शिक्षा झाली. राजकारणात दुसऱ्याचा चेहरा आणि नाव वापरून लोकांना आपल्यामागे ओढणं, यासाठी मराठीने हा शब्द तेव्हाच वापरला आहे. 'तोतया पोलीस', 'तोतया अधिकारी' आपण रोज वाचतो, आणि कायद्यातल्या फसवणुकीच्या प्रकाराला 'तोतयेगिरी' म्हणतोच. 'तोतया आवाज', 'तोतया चित्रफीत' म्हणा. लिंगवचनाने रूप बदलत नाही, हा आणखी एक फायदा.

मसुदाकार
शब्द सुरेख आहे, पण तोतया माणसाचाच असतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातली 'डीपफेक'ची व्याख्या खऱ्या व्यक्तींबरोबर वस्तू, ठिकाणं, संस्था आणि घटनाही धरते. न झालेल्या स्फोटाच्या चित्राला 'तोतया स्फोट' म्हणणार का? शिवाय तोतया म्हटलं की फसवण्याचा हेतू आलाच. आजारी नेत्याने स्वतःच्या संमतीने, उघड सांगून, एआयच्या आवाजात भाषण ऐकवलं तर तो तोतया नव्हे.

जुनेदप्तर
घटनेला 'बनाव' आहे की. माणसाचा तोतया आणि घटनेचा बनाव. इंग्रजीने दोन गोष्टींना एक शब्द दिला म्हणून आपणही दिलाच पाहिजे असं नाही.

सरळसोट
तोतया हा तोत्यावरून आला असणार. ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवणारा. एआयच्या आवाजाला याहून नेमकं काय?

मूळधातू
मराठीत पक्षी पोपट, राघू. 'तोता' हिंदीकडून ऐकू येतो. आणि भाऊंच्या तोतयाचे भांडवल चेहरा होते, बोली नव्हे. चेहऱ्याच्या सारखेपणाला पक्ष्याचे नाव का मिळावे? नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नका.

तथ्यतपासक
तोतयाच्या गोष्टीची दुसरी बाजू आज जास्त घातक आहे: खऱ्यालाच तोतया म्हणणं. आफ्रिकेतल्या गॅबॉनचे तेव्हाचे अध्यक्ष अली बोंगो २०१८ मध्ये आजारी पडून बरेच दिवस दिसले नाहीत. नववर्षाच्या भाषणाचा त्यांचा व्हिडिओ आला, चेहरा काहीसा ताठ दिसला, आणि तो डीपफेक असल्याचा संशय पसरला. ७ जानेवारी २०१९ ला लष्करातल्या एका गटाने उठावाचा प्रयत्न केला, तो फसला. व्हिडिओ एआयचा असल्याचं सिद्ध झालं नाही. संशयाला सिद्धतेची गरजच पडली नाही.

याचा फायदा पकडला गेलेला पुढारीही घेतो: 'ध्वनिफीत माझी नाही, एआयची आहे.' चेस्नी आणि सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी याला दिलेल्या नावाचं मराठी 'लबाडाचा लाभांश' असं करतात. याला चांगला शब्द सुचवा, हा खरा नडलेला शब्द आहे.

सरळसोट
चोराच्या उलट्या बोंबा.

तथ्यतपासक
नाही. त्यात चोर दुसऱ्याला चोर म्हणतो. इथे तो पुराव्यालाच खोटा म्हणतो आणि नामानिराळा होतो.

जुनेदप्तर
मग 'कानावर हात ठेवणं'. नाहीतर 'एआयच्या माथी मारणं'. दुसरं जास्त नेमकं आहे, कारण दोष कुणावर ढकलला हेही त्यात येतं.

मसुदाकार
'माथी मारणं' बोलण्यात छान, मसुद्यात चालणार नाही. अनुवादिका, ध्वनीचाही विचार करून ठेवा. एआय पट्टीच्या नियमांच्या भारत सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात दृश्यावर किमान १० टक्के जागा आणि ध्वनिफितीत सुरुवातीचा १० टक्के वेळ सूचनेला दिला होता. ३० सेकंदांच्या फितीत ३ सेकंद. 'हा आवाज एआयने तयार केला आहे' हे वाक्य तेवढ्यात नीट बोलता येतं. कानाला सुटा शब्द पुरत नाही, क्रियापद लागतं.

अनुवादिका
मग तात्पुरत्या दोन पट्ट्या करते. नव्याने तयार केलेल्यासाठी 'एआयनिर्मित', बदललेल्यासाठी 'एआय फेरफार'. दोन्ही बरोबर १० चिन्हांत बसतात, काही कापलं जात नाही.

जुनेदप्तर
'फेरफार' जपून. जमिनीच्या दप्तरात फेरफार म्हणजे अधिकाऱ्याने मंजूर केलेला रीतसर बदल. गाव नमुना ६ ही त्याचीच नोंदवही. तो लबाडीचा शब्द नाही.

सरळसोट
दप्तरात नसेल. 'कागदपत्रांत फेरफार' असं बातमीत वाचलं की काय समजता?

मूळधातू
'फेर' आणि 'फार' असा तो द्विरुक्त शब्द आहे की फारसीतून आलेला, हे आधी पाहिले पाहिजे.