महागड्या लेन्सवर फिल्टर लावायचा तर चांगलाच लावा, नाहीतर लावूच नका

गडवाट:
सोमवतीला जेजुरीला फोटो काढायला जाणारे बरेच जण विचारतात की ७०-२०० एफ २.८ या झूम लेन्सवर कुठला फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसवायची सपाट काच) लावू, आणि पुढच्याच वाक्यात बजेट सांगतात पाचशे रुपये. एवढी महाग लेन्स घेतली आणि तिच्या तोंडावर कायमची जी काच बसणार तिला पाचशे, हे मला अजिबात पटत नाही. कोटिंग (प्रतिबिंब कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, दोन बाजूंचे झाले ८, आणि असे अनेक थर दिलेल्या चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरमध्ये हेच एखाद्या टक्क्याच्या आत येतं. आता ८ टक्के उजेड कमी झाला तर एक्सपोजरमध्ये कळत नाही, खरा त्रास वेगळाच आहे. सेन्सरवरून उलटा आलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर पडतो, म्हणून गडावर पहाटेच्या अंधारात दिवा फ्रेमच्या वर डावीकडे असेल तर त्याचं फिकट भूत बरोब्बर खाली उजवीकडे उमटतं, आणि ते एडिटिंगमध्ये पुसत बसावं लागतं.

पण भंडारा उधळतात तिथे फिल्टर हवाच, यावर मी ठाम आहे. ती हळद मैद्यासारखी बारीक असते, घामाच्या बोटाने पुसली की चिकटून बसते. फिल्टर काढून नळाखाली धुता येतो, लेन्स येत नाही.

घेताना यूव्ही (अतिनील किरण अडवणाऱ्या) फिल्टरच्या मागे लागू नका. ते फिल्मच्या काळात ठीक होतं, डिजिटल सेन्सरच्या पुढे यूव्ही अडवणारी काच कंपनीनेच बसवलेली असते. साधा क्लिअर किंवा प्रोटेक्टर घ्या, दोन्ही बाजूंनी मल्टिकोटिंग असलेला. बी प्लस डब्ल्यू, होयाची एचडी मालिका, निकॉनचा आर्क्रेस्ट, यातलं जे तुमच्या मापात मिळेल ते.

पाणकावळा:
असहमत. चांगला काय नि वाईट काय, मुळात हवाच कशाला? लेन्स बनवणाऱ्याने आतल्या एकेक भिंगाचं कोटिंग, वक्रता सगळं हिशोबाने बसवलेलं असतं आणि आपण पुढे एक सपाट काच ठोकतो. मी पक्षी काढतो, माझ्या २००-६०० लेन्सला ९५ मिमीचा फिल्टर लागतो, एवढी मोठी काच पूर्ण सपाट नसेल तर ६०० ला पिसांचे बारीक तपशील आधी जातात आणि माणूस ऑटोफोकसला दोष देत बसतो. हूड (लेन्सच्या पुढे लावायची नळीसारखी कड) लावा, कायम लावा, उलटा करून नाही. धक्का हूड खातो, फांद्या हूड अडवतो, वर फ्लेअरही (आडव्या उजेडाने पडणारे डाग) कमी होतो. फिल्टरची पातळ काच जेवढ्या धक्क्याला फुटते तेवढ्याला समोरचं जाड भिंग ढिम्म हलत नाही, त्यामुळे फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली ही समजूतच चुकीची आहे.

मांडवातला:
पाणकावळा साहेब, तुम्ही लपणात बसून काढता, आम्ही गर्दीत. लग्नात हळद, अक्षता, लहान पोरांची बोटं, आणि आता नवरानवरीच्या एन्ट्रीला दोन्हीकडून उडणारे ठिणग्यांचे फवारे. ठिणगी काचेवर पडली की बारीक खड्डा पडतो, तो कुठल्याही कापडाने निघत नाही. हूडमधून ठिणगी आत येते की नाही येत? एका रात्रीत मला लेन्स दहादा पुसावी लागते, आणि तीही घाईत, शर्टाच्या टोकाने सुद्धा. ते घासणं मी फिल्टरवर करेन, भिंगावर नाही करणार. फिल्टर खराब झाला तर दुसरा येईल, लेन्स दुरुस्तीला गेली तर सीझनभर भाड्याने आणावी लागेल.

पान्हा:
मी लेन्स दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजू टेबलावर बघतो. फिल्टरच्या फुटलेल्या तुकड्यांनी भिंग ओरखडलेल्या लेन्स येतात. आणि ज्यांच्या फिल्टरची रिंग वाकली पण लेन्सचे आटे शाबूत राहिले अशाही येतात. समोरच्या भिंगावर एखादा बारीक ओरखडा असेल तर फोटोत बहुतेक दिसतच नाही हो, लोक उगाच घाबरतात. वाइड लेन्स एफ १६ ला (म्हणजे छिद्र अगदी बारीक), सूर्य समोर, अशा वेळी दिसू शकतो, आणि विकताना किंमत पडते हेही खरं.

एक गोष्ट कोणी बोललं नाही ती म्हणजे रिंग. ॲल्युमिनियमची रिंग ॲल्युमिनियमच्या आट्यांत अडकून बसते, पितळेची सहसा अडकत नाही. अडकलीच तर जोर लावून पिळू नका, जेवढं दाबाल तेवढी रिंग अंडाकृती होते आणि जास्त घट्ट बसते. रुंद रबरबँड कडेने गुंडाळा आणि हलक्या हाताने सगळीकडून सारखा जोर द्या.

वेळास_किनारा:
पाणकावळा दादा, हूडचं मान्य, पण समुद्राकाठी वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात ते हूडला जुमानत नाहीत. शिवाय कॅननच्या १७-४० एफ ४ एल सारख्या काही लेन्सचं वेदर सीलिंग (पाणी-धूळ आत न येऊ देणारी बांधणी) पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, हे कॅननच सांगतं. म्हणजे काही ठिकाणी लेन्स बनवणाऱ्यानेच फिल्टर हिशोबात धरलाय. मात्र बुरशीपासून फिल्टर वाचवतो असं दुकानात सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. उलट पावसातून आल्यावर फिल्टर तसाच ठेवला तर ओल आतच राहते. काढून दोन्ही नीट कोरडे करा, मग डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पाणकावळा:
वेळास ताई, खाऱ्या तुषारांचं आणि त्या सीलिंगचं मान्य. किनाऱ्यावर लावा आणि घरी येऊन काढा. माझा विरोध कायमचा लावून ठेवण्याला आहे. ताडोब्यात जिप्सीतून धुळीत फिरतो तेव्हासुद्धा मी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) आणि हूडवर भागवतो, भिंगावरची धूळ फोटोत येत नाही. बऱ्याच नव्या लेन्सच्या पुढच्या भिंगावर फ्लोरिन कोटिंग असतं, पाण्याचा थेंब घरंगळून जातो. आणि ज्यांच्या भिंगाला बाहेर फुगवटा आहे, निकॉनची जुनी १४-२४ घ्या, तिला पुढे स्क्रूचा फिल्टर लागतच नाही, तरी लोक ती वर्षानुवर्षं वापरतात ना?

गडवाट:
वापरतात, पण भंडाऱ्यात ती घेऊन कोणी पुढे घुसत नाही. कायम लावण्याबाबत मात्र तुमचं पटतं, रात्रीचे दिवे किंवा सूर्य फ्रेममध्ये असेल तर मीसुद्धा काढतो. आणि पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावायचा तर आधी प्रोटेक्टर काढा, एकावर एक चढवले की वाइडला कोपरे काळे होतात.

विकत घेणाऱ्यांनी एवढं करून बघा: फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. प्रतिबिंब पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही, मंद हिरवट-जांभळं दिसलं तर आहे. नामांकित ब्रँडचे नकली फिल्टरही सर्रास विकले जातात, खोका बघून फसू नका. घरी आणल्यावर रात्री खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा एक फोटो फिल्टरसकट आणि एक फिल्टर काढून घ्या, ट्रायपॉडवर, सेटिंग तेच ठेवून. भूत ठळक दिसलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

मांडवातला:
ट्यूबलाइटवाली टेस्ट आत्ताच दोन फिल्टरवर केली. ८२ मिमीवाला मंद जांभळा, ७७ वाला पांढराफटक. ७७ उद्याच बदलतो, पण बिनफिल्टरचा मांडवात नाही जाणार, पाणकावळा साहेब.