शुगर आणि वजनामुळे मेंदूचं संरक्षण कमी होतं का?

सांगलीकर: आईला बरीच वर्षं डायबिटीस आहे, वजनही जास्त, हल्ली नावं विसरते. डॉक्टर म्हणाले मेंदूचं संरक्षण कमजोर होतं, पण गर्दीत नीट विचारता आलं नाही. नक्की काय होतं?

निळा_पक्षी: ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात त्याला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं वाट्टेल ते आत जात नाही, शिवाय बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचा आधार. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पेरिसाइट कमी होऊ शकतात, पेशींमधले सांधे सैल पडतात, नको ती प्रथिनं आत झिरपतात आणि सूज येते. डोळ्याच्या पडद्यातही असंच होतं, म्हणून रेटिना तपासून घ्याच.

नाशिकची_मावशी: लठ्ठपणात अजून एक भानगड असते, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन चरबीतून भरपूर तयार होतं पण मेंदूत नीट पोचत नाही, उंदरांवरच्या प्रयोगात रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी त्याला अडवते असं दिसलंय. आणि लोक त्या माणसाला खादाड म्हणतात, फार वाईट वाटतं.

सांगलीकर: मग विसरणं यामुळेच?

निळा_पक्षी: तसं थेट नाही सांगता येत. बी-12 आणि थायरॉइड आधी बघा, मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी खूप वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होऊ शकतं. आणि शुगर फार लो जाऊ देऊ नका, तेही मेंदूला घातक.