वीस मिनिटांची चित्रकथी: जिवंत ठेवणं म्हणतात ते हेच का?

ओटीवरचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका महोत्सवात (नाव नको, संयोजकांतले दोघे ओळखीचे आहेत) कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी पाहिली, म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन सांगितलेली गोष्ट. वीणा लागली, हुडुकवर थाप पडली, मांडीवरच्या पोथीतलं पहिलं चित्र उभं राहिलं, गणपतीचं. मग सरस्वती. सीताहरण कुठे रंगतंय तोवर निवेदिका माईक घेऊन पायऱ्यांवर हजर. कथेकऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सात-आठ चित्रं एकदम उलटली. जटायू आलाच नाही. वर निवेदन काय, तर "लोप पावत चाललेली कला आपण आज जिवंत ठेवली".

आमची आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची. आपण "हूं" म्हटलं नाही तर पुढचं वाक्य मिळायचं नाही. पंडवानीत (छत्तीसगडची महाभारत गाऊन सांगायची कला) या कामाला माणूसच बसलेला असतो, त्याला रागी म्हणतात. पोवाड्यात झीलकरी आहेतच. अंधारात मोबाईल वर धरून बसलेल्या तीनशे माणसांत "हूं" कोण म्हणणार? माझं स्पष्ट मत: असे तुकडे दाखवण्यापेक्षा मानधन कलाकाराच्या घरी पोचवा आणि कार्यक्रम बंद करा. मारायचंच असेल तर निदान टाळ्या वाजवून तरी मारू नका.

सुशी_भाकरी

असहमत. मी तोक्योत राहतो आणि जमेल तसा शिंजुकूच्या सुएहिरोतेई सभागृहात राकुगो ऐकायला जातो, म्हणजे एकट्याने बसून सांगितलेल्या विनोदी गोष्टी. कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो, जवळ फक्त एक पंखा आणि एक पंचा. मिटलेला पंखा म्हणजे चॉपस्टिक. नूडल्स सुर्र करून ओढल्याचा आवाज असा काढतात की मध्यंतरात भूक लागते. दोन प्रयोगांच्या मध्ये एक शिकाऊ पोरगा येतो, उशी उलटी करतो, नावाची पाटी बदलतो आणि गुपचूप जातो. या उमेदवाराला झेन्झा म्हणतात. काही वर्षं असं चहा देणं आणि उशा उलटणं झालं की वरची पायरी फुतात्सुमे, आणि आणखी बऱ्याच वर्षांनी सर्वात वरची, शिन'उची.

सांगायचा मुद्दा असा की हे सगळं तिकिटावर चालतं, आणि हल्ली नव्हे. एदोमध्ये (म्हणजे आत्ताच्या तोक्योत) राकुगोचं पहिलं कायमचं सभागृह 1798 चं. कलाकाराला ठरलेली वेळ मिळते. वेळ कमी असेल तर गोष्ट कुठे तोडायची, हेही कसबात धरतात. युद्धकाळात, 1941 मध्ये, 53 गोष्टी काळाला शोभत नाहीत म्हणून कलाकारांनी स्वतःच बाजूला काढल्या आणि आसाकुसाच्या एका देवळात त्यांचं स्मारक उभारलं. चक्क गोष्टींचं थडगं! युद्ध संपल्यावर त्याच गोष्टी पुन्हा रंगमंचावर. वीस मिनिटांनी काही मरत नाही हो.

पाटावरवंटा

ओटीवरचा, तुमच्या आजीचा "हूं" आवडला. पण "जशी होती तशीच" या हट्टात बायका कुठे बसतात ते बघा. अक्षरशः बसतात! पंडवानीत बायका बसून गायच्या, ती वेदमती शैली. उभं राहून, तंबुऱ्याची गदा करून भीम व्हायचं ती कापालिक शैली पुरुषांची. पंडवानी गायिका तीजनबाई उभ्या राहिल्या, तर गाते म्हणून समाजाने बाहेर काढलं. त्यांना 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांना देशोदेशी नेलं ते माईकवाल्या महोत्सवांनीच, चावडीने नाही.

रातांबा

मी कुडाळचा. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळ्यांचं वाचून हसू आलं, ह. घ्या.

पहिली गोष्ट, पोथी शिवलेली नसते. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, अशी सुटी पानं, एका पोथीत तीस-पन्नास. सुटी असल्यामुळे कथेकरी पाऊस बघून, समोरची माणसं बघून पानं पुढे-मागे करू शकतो, गाळू शकतो. सात-आठ चित्रं उलटली म्हणून कला मेली असं होत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला तो गेलाच. मग उरला देवळातला मान. मानाचो नारळ घेवन पोराक कॉलेजात घालतलात काय? परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय काढलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज माणसं गाडी वळवून तिथे येतात, चित्रं विकत घेतात. आणि "मानधन घरी पोचवा"? कलाकाराला तुम्ही पेन्शनर करायला निघालात.

ओटीवरचा

सुट्या पानांचा मुद्दा मान्य, हे माहीत नव्हतं. पण श्रोते कंटाळलेत हे ओळखून पान गाळणं वेगळं आणि माईक बघून गाळणं वेगळं. त्या दिवशी कंटाळलं कोणीच नव्हतं.

राकुगोवाल्या भाऊंना: तुमच्या सभागृहात सगळे जपानी समजणारे बसलेत, जोक कुठे येणार हे माहीत असणारे. माझा प्रश्न ते रिंगण मोडतं तेव्हाचा आहे. मोरोक्कोतल्या मराकेशच्या जामा अल फना चौकाला 2001 मध्ये युनेस्कोने मौखिक वारसा म्हणून गौरवलं. कथेकऱ्याभोवतीच्या रिंगणाला तिथे हल्का म्हणतात. आज चौक आहे, गर्दी आहे, संत्र्याच्या रसाच्या गाड्या आहेत, कर्णे आहेत. गोष्ट सांगणारे मात्र बोटांवर मोजावेत इतके. शिक्का बसला आणि रिंगण विरलं.

तिरपा_चष्मा

रिंगण पुन्हा बांधता येतं. दास्तानगोई घ्या, उर्दूत लांबलचक गोष्टी सांगायची कला. शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये गेले आणि परंपरा तुटली. गुरू नाही, रेकॉर्डिंग नाहीच म्हणा ना. होते ते लखनौच्या नवलकिशोर छापखान्याचे अमीर हमजाच्या दास्तानचे 46 खंड. त्यावरून 2005 मध्ये दिल्लीत महमूद फारुकी यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि तीही एकाऐवजी दोन सांगणाऱ्यांची. तुमच्या हिशेबाने ही तर भेसळच.

पण मी मुंबईत ऐकलं तेव्हा सुरुवातीलाच सांगितलं, टाळ्या नकोत, आवडेल तिथे तोंडाने "वाह" म्हणा. पहिली दहा मिनिटं सगळे लाजत होते. नंतर माझ्या शेजारचे काका, उर्दूचा गंध नसलेले, इतके जोरात वाहवा करायला लागले की बायकोने कोपर मारलं. तुमचा "हूं" शिकवता येतो. तो निवेदिकेलाच आधी शिकवा.

सुशी_भाकरी

+१. काकांना +१०.

रातांबा

ओटीवरचा, एकदा पिंगुळीलाच या. पण मागे बसून शूटिंग करू नकात. पुढ्यात बसा, हूं म्हणा.

ओटीवरचा

येतो. कार्यक्रम बंद करा हे शब्द मागे. वीस मिनिटांचे चाळीस करा, हे मात्र संयोजकांना लिहिणारच आहे.

पाटावरवंटा

अवांतर: हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, जटायूचं चित्र होतं कसं?

ओटीवरचा

पाहिलंच नाही. पानं उलटताना एक पंख तेवढा दिसला. लाल होता.