‘कल्चर’, ‘जिवाणू खत’, ‘संवर्धक’: कोणता शब्द कुठे?

चोपड्याहून: बियाण्याला लावायची जिवाणूंची पुडी दुकानात आम्ही ‘कल्चर’ म्हणून मागतो, पुडीवर ‘जिवाणू संवर्धक’ छापलेलं असतं, कुणी ‘जिवाणू खत’ म्हणतं. एकच ना? आणि आमच्या वावरात वर्षानुवर्षं शहराच्या नाल्याचं पाणी जातंय. अशा शिसं-कॅडमियमवाल्या जमिनी हे जिवाणू ‘शुद्ध करतात’ असं वाचलं. हा शब्द बरोबर आहे का?

जळगावहून: वस्तू एकच, ताई. पण ‘खत’ म्हटलं की माणूस पोत्याचा हिशेब करतो. ही 250 ग्रॅमची पुडी 10 ते 15 किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने बियाण्याला लावायची, सावलीत सुकवायचं आणि पेरून टाकायचं. जिवाणू जिवंत असतात म्हणून तर उन्हात पडलेली पुडी कामाची राहत नाही. तेव्हा लिहिताना ‘संवर्धक’, बोलताना खुशाल ‘कल्चर’.

‘शुद्ध करतात’ मात्र लिहू नये. तेल, सांडपाण्यातली घाण जिवाणू खाऊन संपवतात. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं, ती कुजत नाहीत. काही जिवाणू त्यांना आपल्या पेशीभित्तीवर, चिकट स्रावात जखडून ठेवतात, म्हणजे ते धातू पिकाच्या मुळांमध्ये कमी शिरतात. शिवाय विषाच्या ताणाने रोपात इथिलीन नावाचा वायू वाढतो आणि मुळं खुंटतात. काही जिवाणू हे इथिलीन ज्यापासून बनतं ते द्रव्यच फस्त करतात, मग मुळं पुन्हा वाढू लागतात. क्रोमियमचं जहाल रूप सौम्य करणारेही जिवाणू आहेत, पण क्रोमियम मातीतच राहतं. पीक तगतं, जमीन शुद्ध होत नाही.

अमळनेरहून: मग ‘धातूसहिष्णू जिवाणू’ चालेल?

जळगावहून: चालेल, पण त्यातून जिवाणू स्वतः तग धरतो एवढंच कळतं, पिकाचं काय होतं ते नाही. मी दोन शब्द वापरतो, ‘जखडणारे’ आणि ‘सोडवणारे’. दुसऱ्या जातीचे जिवाणू आम्ल सोडून धातू विरघळवतात आणि झाड तो जास्त ओढतं. मोहरीसारखं पीक न खाता उपटून बाहेर नेऊन धातू काढायचा असेल तर हेच हवेत. मेथी-पालकाच्या वाफ्यात हेच घातक. नुसतं ‘उपयुक्त जिवाणू’ म्हटल्यावर हा फरक बुजतो, आणि ताटात जाणाऱ्या गोष्टीत तो बुजलेला मला चालत नाही.

चोपड्याहून: दादा, आमची मेथी तर हिरवीगार आहे.

जळगावहून: हिरवीगार म्हणजे बिनधोक नव्हे, कॅडमियम पानात साचलं तरी पान चांगलं दिसू शकतं. माती आणि पाला दोन्ही तपासून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश पाहतात. शिसं-कॅडमियमची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात पालेभाजी नको, आणि नाल्याचं पाणी आधी बंद करा. ते चालू असताना कोणतंही कल्चर पुरं पडणार नाही.