जपान-अमेरिका करार: मुदतीचा प्रश्न आणि ओकिनावा

वर एकांनी लिहिलंय की जपान-अमेरिका सुरक्षा कराराचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण होतं. तसं नाही. 1960 चा करार सुरुवातीला दहा वर्षांसाठी पक्का होता. 1970 पासून तो आपोआप चालू आहे आणि दोघांपैकी कोणीही एक वर्षाची नोटीस देऊन तो संपवू शकतो. त्यातलं दुसरं कलम आर्थिक सहकार्याचं आहे, पण चर्चेत ते येतच नाही. पुन्हापुन्हा घासाघीस होते ती या करारानुसार जपानमध्ये असलेल्या अमेरिकी लष्करी तळांचा किती खर्च जपानने उचलायचा, यावरून. त्याचा सध्याचा वेगळा करार मार्च 2027 पर्यंतचा आहे.

मला मात्र खर्चापेक्षा जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांची काळजी वाटते. जपानची जेमतेम 0.6 टक्के जमीन असलेल्या या बेटांवर, देशात जी जागा फक्त अमेरिकी सैन्य वापरतं तिच्यापैकी सुमारे 70 टक्के जागा आहे! तिथल्या अमेरिकेच्या फुतेन्मा हवाई तळाला लागूनच प्राथमिक शाळा आहे. डिसेंबर 2017 मध्ये तिच्या मैदानावर लष्करी हेलिकॉप्टरची खिडकी पडली, तेव्हा मुलं मैदानातच होती. पुढे कित्येक महिने हेलिकॉप्टर जवळ आलं की त्यांना खेळ सोडून आत पळावं लागे.

चीन आणि उत्तर कोरिया शेजारी असताना जपानला ही युती हवीच, हे मान्य. पण खर्चाचे आकडे ठरवण्याआधी फुतेन्मा तळ रिकामा करण्याची तारीख ठरवा. 1996 मध्ये पाच ते सात वर्षांत तो परत देण्याचं ठरलं होतं.