एमआरएनए तंत्रज्ञान: लस निघाली, मग औषधे कुठे अडली?

विचारणा – टिपणकार

नमस्कार. मी व्यवसाय व्यवस्थापनाचा विद्यार्थी असून औषधनिर्मिती उद्योगावर एक टिपण तयार करत आहे. एमआरएनए तंत्राने कोविडची लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीचे वार्षिक उत्पन्न २०२२ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर होते, ते २०२४ मध्ये जेमतेम ३ अब्जांवर आले. साथ ओसरल्यावर लशीचा खप घटणार, हे समजण्यासारखे आहे. माझी अडचण वेगळी आहे. एमआरएनए म्हणजे पेशीला कोणते प्रथिन बनवायचे याचा संदेश देणारा रेणू. या तंत्राविषयी नेहमी असे सांगितले जाते की, त्या रेणूतील अक्षरांचा क्रम बदलला की नवे औषध तयार होते. कारखाना तोच आणि कच्चा मालही तोच. तसे असेल, तर हाती आलेल्या एवढ्या पैशातून आतापर्यंत निदान दोन-चार औषधे बाजारात यायला हवी होती. माझ्या पाहण्यात लशींखेरीज एकही नाही. असे का?

उत्तर – नॅनोकण

संदेश लिहिणे सोपे झाले आहे, हे खरे. पण तो योग्य पेशीत पोहोचवायचा कसा, इथे घोडे पेंड खाते. उघडा एमआरएनए शरीरातील विकरे (एन्झाइम) तत्काळ तोडून टाकतात, म्हणून त्याला लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, अतिसूक्ष्म नॅनोकणांचे वेष्टन द्यावे लागते. हे कण शिरेतून दिले, तर त्यांतील बहुतेक यकृतातच जाऊन बसतात. फुप्फुस, हृदय किंवा मेंदू गाठायचा असेल, तर आजही हाती खात्रीचा मार्ग नाही.

लशीला ही अडचण फारशी भासली नाही. दंडाच्या स्नायूत फायझर-बायोएनटेकच्या लशीचे ३० आणि मॉडर्नाच्या लशीचे १०० मायक्रोग्रॅम दिले की काम भागत होते, आणि वेष्टनामुळे प्रतिकारयंत्रणा थोडी चाळवली गेली तर ते पथ्यावरच पडत होते. याउलट, जन्मतः एखादे विकर नसलेल्या रुग्णाला तेच औषध आयुष्यभर पुनःपुन्हा आणि कितीतरी मोठ्या मात्रेत द्यावे लागेल, कारण संदेश काही तासांत किंवा दिवसांत विरून जातो. मग तीच चाळवलेली प्रतिकारयंत्रणा आणि लिपिडचा साचत जाणारा त्रास मुळावर येतो. २०१० साली स्थापन झालेल्या मॉडर्नाचा सुरुवातीचा भर औषधांवरच होता आणि लशींकडे ती नंतर वळली, हे पुष्कळदा विसरले जाते.

उत्तर – ताळेबंद

वरील उत्तराला व्यवहाराची बाजू जोडतो. कारखाना तोच असला तरी चाचण्या त्याच नसतात. नियामक संस्था मान्यता देते ती त्या त्या औषधाला, आणि तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे पुष्कळ रुग्णांवर करायच्या, चाचणीचा खर्च कारखान्याच्या बचतीत भरून निघत नाही.

शिवाय या रेणूच्या प्रत्येक अंगावर कोणाचा तरी हक्क आहे. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ साली दाखवले की, संदेशातील युरिडिन या ‘अक्षरा’च्या (न्यूक्लिओसाइडच्या) जागी त्याचे बदललेले रूप घातल्यास प्रतिकारयंत्रणा संदेशावर तुटून पडत नाही. २०२३ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. त्यावरील पेटंट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे होते आणि मॉडर्ना व बायोएनटेक या दोघींनाही त्याचा परवाना घ्यावा लागला. लिपिडवरून आर्ब्युटस व जेनेव्हंट या कंपन्यांनी २०२२ मध्ये मॉडर्नावर दावा लावला आणि त्याच वर्षी मॉडर्नाने फायझर व बायोएनटेकला न्यायालयात खेचले. क्युअरव्हॅक या कंपनीने मात्र न बदललेला एमआरएनए वापरला, मात्राही १२ मायक्रोग्रॅमच ठेवली, आणि २०२१ मध्ये तिच्या लशीची परिणामकारकता सुमारे ४८ टक्केच भरली. पुढे २०२५ मध्ये बायोएनटेकने तीच कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले.

भांडवलाचेही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एमआरएनए लशींचे २२ प्रकल्प गुंडाळण्याचे जाहीर केले. त्यांची रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर होती. सरकार हाच मोठा गिऱ्हाईक असलेल्या धंद्यात हा धोका गृहीतच धरावा लागतो.

टिपणकार

दोघांचेही आभार. मग कर्करोगावरील लशी कोणत्या बाजूला धराव्यात? त्या उपचार म्हणूनच दिल्या जातात ना?

उत्तर – नॅनोकण

होय, पण त्यांचा मार्ग लशीचाच आहे, म्हणून त्या पुढे सरकल्या. मॉडर्ना आणि मर्क यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, कीट्रूडा या कर्करोगावरील औषधाच्या जोडीने लस दिलेल्या गटात रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका, केवळ कीट्रूडा घेतलेल्या गटाच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी कमी आढळला. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या. मात्र येथे प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील उत्परिवर्तने वाचून त्याच्यापुरतीच लस बनवावी लागते, म्हणजे एका रुग्णामागे एक उत्पादन-तुकडी. ‘कारखाना तोच’ या युक्तिवादातील घाऊक उत्पादनाचा फायदा तिथे उरत नाही.

मला जनुक-संपादनाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृतातील एका विकराचा दोष असलेल्या बाळासाठी सदोष जनुक दुरुस्त करणारा खास संपादक तयार करून तो एमआरएनएच्या रूपात नॅनोकणांतून दिला गेला. तिथे संदेश लवकर विरणे हिताचेच होते, कारण संपादन झाल्यावर संपादक पेशीत रेंगाळायला नको असतो; आणि जायचे होते तेही यकृतातच. तेव्हा टिपणात ‘औषधे’ असा एकच रकाना ठेवू नका. संदेश किती काळ टिकायला हवा आणि तो यकृताबाहेर जायला हवा का, या दोन प्रश्नांवर वर्गवारी करा.