कॅल्शियमला वेळ द्या, बी-6 जपून

‘पाळीच्या आधी होणाऱ्या त्रासासाठी (पीएमएस) दोन आठवडे कॅल्शियम घेतलं, फरक नाही, म्हणून बंद केलं’ असं या चर्चेत वर एकीने लिहिलंय. अगं, इतक्यात कसा पडेल? 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ठळक फरक जाणवला तो तिसऱ्या पाळीच्या सुमारास. (औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनेही बऱ्याच जणींना थोडं बरं वाटलं होतं, तेही खरं.) वर कुणीतरी मांडलेला मीठ, कॉफी कमी करण्याचा मुद्दाही पटला.

याच त्रासासाठी घेतात त्या बी-6 व्हिटॅमिनचं मात्र जपून. मी मनानेच मात्रा वाढवत नेली. काही महिन्यांनी पायाची बोटं बधिर, चप्पल निसटली तरी कळेना. जास्त मात्रेत ते नसांना इजा करतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझं आपलं ‘व्हिटॅमिनच तर आहे!’